दाजीपूरच्या सड्यावर, जुना फोटो हातात घेऊन

वडिलांनी नोव्हेंबर 1984 मध्ये दाजीपूरच्या जंगलात काढलेला एक कृष्णधवल फोटो आमच्या घरी आहे. पुढे जांभ्याचा एक चिरफाळलेला खडक, त्यामागे वाळल्या गवताने झाकलेला सडा, म्हणजे डोंगरावरचे खडकाळ पठार, आणि क्षितिजावर डोंगराची धार, एवढेच त्यात दिसते. त्याच महिन्यात, त्याच जागी उभे राहून तोच फोटो पुन्हा काढावा, या एका कामासाठी मी गेल्या नोव्हेंबरात पहाटे साडेचारला कोल्हापूरहून निघालो.

दाजीपूर कोल्हापूरपासून सुमारे 80 किलोमीटरवर, राधानगरीमार्गे फोंडा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. संस्थानकाळात शिकारीसाठी राखलेले हे जंगल 1958 मध्ये गव्यांसाठी अभयारण्य झाले. आज राधानगरी अभयारण्याचे क्षेत्र सुमारे 351 चौरस किलोमीटर असून पश्चिम घाटातील ज्या स्थळांना 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत त्याचाही समावेश आहे.

वन विभागाची परवानगी घेऊन आम्ही स्थानिक जीपमधून आत गेलो. पहिले दोन तास धुक्यातच गेले. ऊन आल्यावर सड्यावर तसे तीन खडक दिसले आणि मी फोटोतल्या झाडांवरून जागा शोधू लागलो. ते पाहून सोबतचे वाटाडे मामा म्हणाले, "झाडं जुळवू नगा साहेब, डोंगराची धार जुळवा." चाळीस वर्षांत झाडे वाढतात आणि पडतात, धार मात्र तशीच राहते, हे माझ्या आधीच लक्षात यायला हवे होते.

ज्यांना असे काम करायचे आहे, त्यांनी जवळची एक आणि दूरची एक अशा दोन ठळक खुणा निवडाव्यात. माझ्याकडे खडकाची चीर आणि धारेतली खाच या दोन खुणा होत्या. जुन्या फोटोत चीर खाचेच्या बरोबर खाली येते. मला ती उजवीकडे दिसत होती, म्हणून मी उजवीकडे सरकत गेलो. दोन्ही एका रेषेत आल्यावर पुढे-मागे होऊन खडकाचा आकार जुळवला आणि शेवटी कॅमेऱ्याची उंची कमी केली, कारण वडील बहुधा गुडघ्यावर बसले होते. दृश्यातल्या वस्तूंचे परस्परांशी नाते उभे राहण्याच्या जागेवरून ठरते, लेन्सवरून फक्त चौकट ठरते. त्यामुळे आधी जागा पक्की करावी. वडिलांची लेन्स 50 मिमीची होती, माझ्या क्रॉप सेन्सरच्या (म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सर असलेल्या) कॅमेऱ्यावर 35 मिमीने जवळजवळ तीच चौकट मिळाली.

खडकाची चीर तशीच आहे, तिच्यात आता गवताचा एक झुबका रुजला आहे. सड्याच्या कडेची झाडी मात्र बरीच आत सरकली आहे. फोटोंच्या एका जोडीवरून याचे कारण सांगणे योग्य नाही. पण दर काही वर्षांनी त्याच जागेवरून फोटो निघत राहिले, तर सांगता येईल.

जुन्या छायाचित्राचे मोल काय असते, हे याच जंगलातल्या वाघाने दाखवून दिले आहे. 2022 मध्ये राधानगरीत कॅमेऱ्यात टिपलेला वाघ डिसेंबर 2023 मध्ये सह्याद्रीतच उत्तरेला असलेल्या चांदोली राष्ट्रीय उद्यानात पुन्हा टिपला गेला आणि पट्ट्यांवरून तो एकच असल्याचे ओळखता आले. पहिला फोटो जपलेला नसता, तर सह्याद्रीतून वाघाची ये-जा अजून चालू आहे याचा एवढा ठोस पुरावा मिळाला नसता. पुढे या डोंगररांगेत वाघ टिकायचे असतील, तर ही वाट मोकळी राहिली पाहिजे.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे. पावसाळ्यात जंगल पर्यटकांसाठी बंद असते, तेव्हा निघण्यापूर्वी चौकशी करावी. आत मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्यावा. सड्यावर वारा जोराचा असतो, त्यामुळे कॅमेऱ्याच्या तिवईला (ट्रायपॉडला) पाठपिशवी टांगून ठेवावी. गवा कितीही शांतपणे चरताना दिसला, तरी गाडीतून उतरू नये. डोंगर-सड्याच्या फोटोची जागा अचूक नोंदवावी. दुर्मीळ वनस्पतीची किंवा घरट्याची जागा मात्र कोठेही जाहीर करू नये.

वडिलांच्या फोटोमागे पेन्सिलीने फक्त महिना आणि साल लिहिलेले आहे. मी माझ्या प्रतीमागे तारीख, सकाळचे 9 वाजून 40 मिनिटे, अक्षांश-रेखांश, लेन्स आणि जमिनीपासून कॅमेऱ्याची उंची लिहिली, आणि दोन्ही फोटो एकाच पाकिटात ठेवले.