मर्लचा राग का येत नाही?

"जिनं आपली मुंबई आयुष्यभर नाकारली, तिच्याबद्दल एवढ्या मायेनं कसं बोलता?" हॉलिवूडची जुनी नटी मर्ल ओबेरॉन, तिचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

मर्लचा जन्म १९११ सालचा, मुंबईतला. पुढे ती लंडनच्या बड्या वर्तुळात लेडी कोर्डा म्हणून वावरली. तिथवर पोचताना तिनं एक गोष्ट रचली होती. माझा जन्म ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचा, आणि तिथली कागदपत्रं आगीत जळाली. टास्मानियाच का? राज्य इंग्रजांचंच, पण लंडनहून इतकं लांब की चौकशीला जाणार कोण!

तिच्यापुढे दुसरी वाट कुठली होती, हे पाहिलं की माझा राग विरघळतो. कलकत्त्याच्या ला मार्टिनियर शाळेत मिश्र रक्तावरून तिला इतकं टोचून बोलायचे की तिनं शाळाच सोडली. साहेबांना ती आपली वाटत नव्हती, इथल्यांनाही नाही. युरोप गाठल्यावर निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डानं तिला १९३३ च्या आठव्या हेन्रीवरच्या चित्रपटात त्याच्या राणीची, ॲन बोलिनची, छोटी भूमिका दिली. दोन वर्षांनी आलेल्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं. १९३९ मध्ये तिनं कोर्डाशी लग्न केलं, १९४२ मध्ये त्याला 'सर' किताब मिळाला. त्या काळी हॉलिवूडच्या नियमावलीत गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध पडद्यावर दाखवायलाही बंदी होती. खरं सांगितलं असतं, तर तिला दारातूनच परत पाठवलं असतं.

माझा जीव तुटतो तो शार्लट सेल्बीसाठी. मूळची सिलोनची, सावळी बाई. मर्लला तिनं पोटची मुलगी म्हणून वाढवलं. नात्यानं ती आजी होती. मर्लला जन्म दिला होता तो शार्लटच्या किशोरवयीन मुलीनं, कॉन्स्टन्सनं, आणि घरात सांगितलं जायचं की ती बहीण. मर्लबरोबर शार्लट लंडनला गेली खरी, पण आलेल्यागेलेल्यांसमोर ती मोलकरीण असायची. जिनं न्हाऊमाखू घातलं, तिला चारचौघांत आई म्हणायची सोय नाही! १९३७ मध्ये शार्लट गेली.

१९४९ साली मर्लनं जुन्या फोटोवरून तिचं चित्र काढून घेतलं. चित्रकाराला सांगितलं, वर्ण उजळ करा. ते चित्र शेवटपर्यंत मर्लच्या घरात होतं. मला हे वाचताना दरवेळी थांबावं लागतं. आईला भिंतीवर मानानं लावायचं, पण तिच्या रंगासकट नाही.

१९७८ मध्ये टास्मानियाची राजधानी होबार्टच्या महापौरांनी तिला आपल्या मातीतली लेक समजून स्वागत समारंभ ठेवला. पुढच्याच वर्षी ती वारली. मर्लचा मुंबईतला जन्मदाखला कॉन्स्टन्सच्याच मुलानं इथल्या सरकारी दप्तरातून शोधून काढला.

आमच्या माजघरात आजीचा फोटो आहे. आजी चांगली काळीसावळी होती. ती गेल्यावर आजोबांनी स्टुडिओत देऊन फोटो मोठा करून घेतला, तेव्हा स्टुडिओवाल्यानं रंग भरताना तिला गोरीपान केलं. कुणी सांगितलंही नव्हतं. आजोबांनी फोटो हातात घेतला, काचेवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता खिळ्याला टांगला. अजून तिथंच आहे.