कंगवा

आमच्या अण्णांच्या खिशात कायम कंगवा असायचा. काळा, मधले दोन दात पडलेला. पासबुक भरायला निघाले तरी बँकेच्या दाराशी थांबून भांग पाडणार. आम्ही मुलं लाजून चार पावलं पुढे जायचो.

परवा एका जुन्या शर्यतीचं चित्रीकरण बघताना तो कंगवा आठवला. 15 नोव्हेंबर 1992, अटलांटा. नॅस्कार या अमेरिकेतल्या मोटारशर्यतींच्या मालिकेचं वर्षाचं अजिंक्यपद पटकावलेला माणूस गाडीत बसलाय, बाहेर कॅमेरे खोळंबलेत, देशभर थेट प्रक्षेपण चालू आहे, आणि हा गडी आधी केस विंचरतोय! त्याचं नाव अ‍ॅलन कुलविकी.

विस्कॉन्सिनचा मुलगा. वडील शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधायचे. याने 1977 मध्ये मिलवॉकीच्या विद्यापीठातून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली, आणि मग घरोघरी जे होतं त्याच्या बरोबर उलट केलं: पदवी बाजूला ठेवून पोटापाण्यासाठी स्टिअरिंग धरलं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात सगळं विकून शर्यतींचं माहेरघर असलेल्या नॉर्थ कॅरोलिनाला निघाला, तर निघायच्या दोन दिवस आधी त्याचा पिकअप ट्रक जळाला. दुसऱ्याची गाडी मागून आणली, ट्रेलर जोडला आणि गेला. तिथे स्वतःचा संघ काढला. मालक तोच, चालक तोच, आणि बोल्ट नीट आवळलाय का हे वाकून बघणाराही तोच. हाताखालच्या लोकांना हा माणूस जड जात असणार. ज्युनियर जॉन्सनसारख्या दिग्गज संघमालकाने दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा याने नाही म्हटलं. इतका हट्ट आमच्या घरात कुणी केला असता तर अण्णांनी आठवडाभर अबोला धरला असता.

1988 मध्ये फिनिक्सला पहिला मोठा विजय मिळाला, तेव्हा याने गाडी वळवली आणि मैदानाला उलटी फेरी मारली. कारण साधं होतं. चालकाची खिडकी डावीकडे. नेहमीच्या दिशेने गेलं की ती मैदानाच्या आतल्या बाजूला येते. उलटं गेलं की प्रेक्षकांकडे तोंड होतं, हात हलवता येतो. तो मूळचा पोलिश घराण्यातला, म्हणून तिचं नाव पडलं 'पोलिश विजयफेरी'. गंमत अशी, की नॅस्कारच्या गाड्या घड्याळाच्या उलट्या दिशेने धावतात. म्हणजे याची उलटी फेरी ही आपली सरळ सव्य प्रदक्षिणा!

तर 1992. हंगामाच्या सहा शर्यती उरल्या असताना हा 278 गुणांनी मागे. शेवटच्या दिवशी अटलांटाला दोन प्रतिस्पर्धी चालक उरले: डेव्ही अ‍ॅलिसन कुलविकीच्या 30 गुणांनी पुढे, आणि बिल एलियट कुलविकीच्या 10 गुणांनी मागे. गाडी फोर्ड थंडरबर्ड. बंपरवरच्या इंग्रजी नावातली 'Th' ही दोन अक्षरं याने काढून टाकली होती. उरलं 'अंडरबर्ड', दुबळ्यांचा पक्षी. अ‍ॅलिसन अपघातात अडकला, आणि शर्यत उरली दोघांची. सर्वाधिक फेऱ्यांत आघाडीवर राहणाऱ्याला 5 जादा गुण होते. कुलविकी आणि त्याची माणसं फेऱ्या मोजत बसली. मोजणी पक्की होईपर्यंत हा पेट्रोलला आत आला नाही, आणि आला तेव्हा गरजेपुरतंच भरून निघाला. शर्यत एलियटने जिंकली, हा दुसरा. पण आघाडीच्या फेऱ्या याच्या 103, एलियटच्या 102. एक फेरी इकडची तिकडे झाली असती तर दोघांचे गुण समान होऊन, जास्त विजयांमुळे, अजिंक्यपद एलियटकडे गेलं असतं. सगळा मोसम धावून फरक पडला 10 गुणांचा. एवढं गणित सुटल्यावर कुणी कंगवा काढला तर काय बिघडलं?

अण्णा असते तर हे दृश्य त्यांना तीनदा दाखवलं असतं.

1 एप्रिल 1993 ला ब्रिस्टलच्या शर्यतीकडे निघालेलं त्याचं विमान टेनेसीत कोसळलं. वय 38. त्याच्या संघाचा ट्रक काळं पुष्पचक्र लावून ब्रिस्टलच्या मैदानावर संथ फिरला आणि बाहेर पडला. त्या रविवारची शर्यत रस्टी वॉलेस या चालकाने जिंकली. जिंकल्यावर त्याने गाडी वळवली आणि उलटी फेरी मारली, खिडकी प्रेक्षकांकडे ठेवून.