अहमदाबाद: जुन्या शहरात एक दिवस, आणि पोटात जागा ठेवून जा

कामाचं गुरुवार-शुक्रवारी उरकलं आणि परतीचं तिकीट रविवारी सकाळचं, म्हणजे शनिवार आख्खा मोकळा. ऑफिसातल्या मंडळींनी रिव्हरफ्रंट, अटल ब्रिज, मॉल असं सगळं सुचवलं होतं, पण मी आणि बायकोने ठरवलं की नदी ओलांडायचीच नाही, जुन्या शहरातच फिरायचं. तुमच्याकडे एकच दिवस असेल तर हेच करा असं मी सांगेन. २०१७ ला युनेस्कोने वारसा शहर म्हणून घेतलं ते हेच, देशातलं पहिलं.

सुरुवात म्युनिसिपालिटीच्या हेरिटेज वॉकने. सकाळी लवकर काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघतो आणि जामा मशिदीपाशी संपतो, दोन-अडीच तास चालणं आहे, बुकिंग आधीच करून ठेवा. स्टेशनपासून मंदिर जवळ आहे, रिक्षा केलीत तर "मीटरथी" एवढं बोलून बसा. मंदिर १८२२ चं, लाकडावरचं रंगीत कोरीवकाम बघत बसलं तर तिथेच तास जाईल, पण गाईड हाकलतो पुढे, आणि बरोबरच करतो कारण खरी मजा पोळांमध्ये आहे. पोळ म्हणजे आपल्या वाड्यांची आख्खी गल्ली समजा, तोंडाशी दरवाजा, वर पहारेकऱ्याची खोली, आत चिंचोळी वाट, मध्येच एखादं देरासर (जैन मंदिर), आणि चौकात चबुतरो, म्हणजे खांबावर पक्ष्यांना दाणे टाकायची नक्षीदार जागा. जुन्या घरांच्या चौकाखाली पावसाचं पाणी साठवायचं टांकं असायचं, काही घरांत अजून आहे. कवी दलपतरामांचं घर होतं त्या चौकात त्यांचा पुतळा ओट्यावर बसवलाय, सगळे शेजारी बसून फोटो काढतात, आम्हीपण काढला. लोक घरात राहतायत हे लक्षात ठेवा, खिडकीत कॅमेरा घालू नका. ओट्यावर बसलेल्या एका बेननी "क्यांथी आव्या?" विचारलं, पुणे म्हटल्यावर लगेच म्हणाल्या, मग गोड डाळ चालते ना तुम्हाला? चालते म्हटलं, पुण्याच्या आमटीतही गूळ असतोच.

वॉकमध्ये पोटाला फारसं काही नसतं, त्यामुळे संपल्यावर गांधी रोडला फाफडा-जलेबी. गरम फाफडा, कच्च्या पपईचा संभारो, तळलेल्या मिरच्या आणि बेसनाची पातळ कढीसारखी चटणी. दोघांत मिळून थोडंच घ्या! वजनावर मिळतं, शंभर ग्रॅम पुरे. इथेच पोट भरलंत तर पुढचा दिवस गेला.

जामा मशीद १४२४ ची, आत २६० खांब, दुपारच्या आधी बघून घ्या, अंगणातली फरशी नंतर भयंकर तापते आणि चपला बाहेर असतात. मिनार १८१९ च्या भूकंपात पडले. शुक्रवारी दुपारी नमाजाची गर्दी, तेव्हा टाळा. पलीकडे बादशाहनो हजीरो (अहमदशाहची कबर, ज्याने १४११ मध्ये शहर वसवलं) आणि पुढे राणीनो हजीरो (राण्यांच्या कबरी), भोवती चनिया चोळी, ओढण्या, ऑक्सिडाइज्ड दागिन्यांची दुकानं. बायको इथे हरवली, मी बाहेर मसाला छास पीत उभा. भाव करा, निम्म्यापासून सुरू करायला लाजू नका.

आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. मशिदीकडून भद्रच्या किल्ल्याकडे जाताना तीन दरवाजा लागतो, तीन कमानी, खालून रिक्षा, हातगाड्या, टी-शर्ट विकणारे, कोणी वर बघतसुद्धा नाही. पण तिथल्या एका खांबावर देवनागरीत शिलालेख आहे, १८१२ चा, मराठा सुभेदार चिमणाजी रघुनाथ याचं फर्मान: मुलीला बापाच्या मालमत्तेतला हिस्सा विनातक्रार द्यावा, आणि जो देणार नाही त्या हिंदूला महादेवाला जाब द्यावा लागेल, मुसलमानाला अल्लाला. पेशवे आणि गायकवाड यांनी हे शहर वाटून घेतलं होतं, वसुलीवरून भांडणंही चिक्कार, आपल्या राज्याबद्दल तिथे सगळं चांगलंच बोलतात असं नाही. पण हे फर्मान मात्र मला शाळेत कोणी सांगितलं नव्हतं. अक्षरं झिजलीयत, दुकानाच्या मागे झाकलं जातं, विचारत विचारत शोधा. त्याच दरवाजात एक दिवा कायम तेवत ठेवतात, लक्ष्मी शहर सोडून जाऊ नये म्हणून. भद्रमधलं भद्रकालीचं मंदिरपण मराठ्यांच्या काळातलं.

तिथून चालत सिदी सय्यदची मशीद, १५७३ ची. लहानशी आहे, पण दगडात कोरलेलं ते झाडाचं जाळीकाम बघायलाच हवं, आणि दोन्ही बाजूंनी बघा, आतून उजेड येताना जास्त छान दिसतं. समोरच लकी नावाचं हॉटेल. चहा आणि मस्का बन, आणि टेबलांच्या मधोमध हिरव्या कठड्यातल्या कबरी, वेटर त्यांना वळसा घालून ट्रे नेतात. भिंतीवर एम. एफ. हुसेन यांनी दिलेलं चित्र आहे. चहा कडक, बन लोण्याने ओथंबलेला. पहिली दोन मिनिटं विचित्र वाटतं, मग नाही.

दुपारी ऊन असेल तर रिक्षाने असारव्याच्या दादा हरीरच्या वावेत, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीत जा. अडालजला सगळे जातात, ती लांब आहे. ही जवळ, पाच मजले खाली उतरते, आम्ही गेलो तेव्हा जेमतेम चार माणसं. सुलतान मेहमूद बेगड्याच्या जनान्याची व्यवस्था बघणाऱ्या बाईंनी बांधली, लेख संस्कृत आणि अरबी दोन्हीत. प्रकाश सकाळी चांगला असतो, फोटोवाल्यांनी क्रम उलटा करावा.

थाळीचं काय? लोक हमखास विचारतात. एकाच दिवसाची भेट असेल तर दुपारची अमर्याद थाळी सोडा, नंतर हॉटेलवर झोपाल नुसते. आम्ही एका नावाजलेल्या ठिकाणी रांगेत उभे राहून कंटाळून निघालो आणि रायपूर दरवाज्याजवळ भजी खाल्ली. तिथलं प्रसिद्ध भजियाचं दुकान चटणी देत नाही, मागू नका, भजी तशीच खायची. मेथीचे गोटे घ्या.

रात्री माणेकचौक. सकाळी इथे गायींना चारा विकतात, दिवसभर सराफा, आणि सोनारांनी शटर ओढलं की त्याच जागेवर तवे पेटतात. साडेनऊच्या आधी जाऊन उपयोग नाही. घुघरा सँडविच घ्या (बटाटा नाही, कांदा-सिमला मिरची-चीज), ग्वालिया डोसा दोघांत एक, त्यावर बटर इतकं असतं की डोसा शोधावा लागतो. अननस-चॉकलेट-चीज सँडविच सगळे सांगतात म्हणून घेतलं, मला नाही आवडलं, बायकोने संपवलं. पावभाजी आपल्याकडे बरी मिळते, पोट वाया घालवू नका. शेवटी कुल्फी. पोरं टेबलावर बोलवायला मागे लागतात, आधी एक चक्कर मारून मगच बसा, आणि ऑर्डर देताना भाव विचारा.

जवळचं मेट्रो स्टेशन घीकांटा, दिवसा सोयीचं, पण माणेकचौक आटपेपर्यंत मेट्रो बंद झालेली असते, रिक्षाच करावी लागते. बूट नको, काढ-घालायला सोपी चप्पल. पैसे सुट्टे ठेवा. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर उंधियु मिळेल. एप्रिल-मेमध्ये हा प्लॅन करू नका, आणि रविवारीही नको, बाजारातली बरीच दुकानं बंद असतात. फक्त गुजरी बाजारात जुन्या वस्तू धुंडाळायच्या असतील तर एलिस ब्रिजखाली रविवारीच जावं लागेल.