टाकुमार, एक खटका आणि लाल कडा

सातारा, रविवार रात्र

आज दुपारभर पुतण्याचा कॅमेरा घेऊन बसलो होतो. मिररलेस सोनी, त्यावर अ‍ॅडाप्टर (दुसऱ्या बनावटीची लेन्स बसवायची जोडकडी) आणि पुढे थोरल्या भावाची जुनी फिल्मच्या जमान्यातली लेन्स, सुपर टाकुमार, ५० एमएम, एफ १.४. पोरगं कासला जाऊन आलं आणि फोटो सगळे मऊ, म्हणजे धूसर. "काका, लेन्स गेली वाटतं," म्हणाला. मला काही ते पटेना. याच लेन्सनं काढलेले फिल्मच्या काळातले प्रिंट घरात आहेत, पापणीचा केस न् केस दिसतो.

लेन्स काढून उजेडाकडे धरली. रिंग एफ ८ वर, म्हणजे उजेडाचं भोक (ॲपर्चर) बारीक हवं, पण ते लहानमोठं करणारी आतली पाती जागची हलत नव्हती, भोक एफ १.४ वर सताड उघडं. या लेन्सच्या बाजूला ए आणि एम असा एक छोटा खटका असतो. तो ए (ऑटो) वर असला तर मागची पिन दाबली गेल्याशिवाय पाती मिटत नाहीत. फिल्म कॅमेरा ती पिन शटरच्या वेळी स्वतः दाबायचा. काही अ‍ॅडाप्टरना त्यासाठी आत कड असते, याला नाही. म्हणजे एफ ८ समजून सगळं एफ १.४ वर निघालं होतं, आणि फुलाच्या इतक्या जवळून एफ १.४ वर जेमतेम काही मिलिमीटरच स्पष्ट येतात. शटरचा वेग कॅमेराच जुळवून घेत होता, त्यामुळे उजेडावरून शंका येणंही शक्य नव्हतं. खटका एम (मॅन्युअल) वर केला, पाती मिटली.

मग फोकस पीकिंग, म्हणजे स्पष्ट दिसणाऱ्या कडांवर कॅमेरा स्क्रीनवर रंग चढवतो ती सोय. ते 'हाय' वर होतं, रंग लाल. पीकिंग फक्त कडांमधला कॉन्ट्रास्ट ओळखतं, आणि 'हाय' वर जरा बऱ्या कडेलाही रंग फासतं. मी 'लो' वर ठेवतो. रंग फुलाप्रमाणे बदलावा: गुलाबी तेरड्यावर लाल कडा दिसत नाहीत, तिथे पांढरा बरा, सोनकीवर पिवळा ठेवलात तर काही कळणार नाही. तरी शेवटचा भरवसा मॅग्निफिकेशनवरच, म्हणजे चित्र मोठं करून बघण्यावर. ॲपर्चर पूर्ण उघडायचं, फुलाचे पुंकेसर मोठे करून बघायचे, फोकस लावायचा आणि मगच एफ ८ वर यायचं. त्यासाठी एक कस्टम बटण लावून दिलं. व्ह्यूफाइंडरचा डायॉप्टरही (नजरेच्या नंबराप्रमाणे फिरवायची चकती) त्याच्या डोळ्याला जुळवला. आतले आकडे धूसर दिसत असतील तर बाकी सगळं व्यर्थ आहे.

संध्याकाळी गच्चीवरून अजिंक्यताऱ्यावरच्या टॉवरवर लेन्स लावली. रिंगवरच्या इन्फिनिटीच्या (अगदी दूरच्या अंतराच्या) खुणेच्या थोडं अलीकडेच टॉवर लख्ख आला. टाकुमारसारख्या एम ४२ (स्क्रूनं बसणाऱ्या) लेन्सला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, सोनीच्या माउंटचं, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याचं, १८, म्हणजे अ‍ॅडाप्टर २७.४६ मिमी हवा. बरेच जण तो मुद्दाम किंचित पातळ करतात, कारण जाड झाला तर दूरचा डोंगर कधीच फोकसमध्ये येणार नाही. त्यामुळे रिंग शेवटापर्यंत फिरवून डोंगर काढू नकोस, असं त्याला दोनदा बजावलं.

स्टेबिलायझरमध्ये (हाताची थरथर सावरणाऱ्या सोयीत) लेन्सचा ५० हा आकडा हातानं भरायचा होता, तोही भरला. पुढच्या रविवारी पुन्हा कासला जाऊ म्हणतोय. वारा नसला तर बरं, कारण डुलणाऱ्या फुलावर हातानं फोकस लावणं मलाही अजून नीट जमलेलं नाही.