भोलागुरीला धावू नका, तेजपुरात थांबा

असमिया नाटककार आणि चित्रपट-दिग्दर्शक ज्योतिप्रसाद आगरवाल यांचा स्टुडिओ "अजून आहे, जाऊन बघा" असं आसामातल्या तेजपुरात छातीठोकपणे सांगणारे भेटतात. माझा सगळा दिवस त्यात गेला. गोहपूरजवळच्या भोलागुरी चहाबागेत स्टुडिओ म्हणावा असं काही नाही. असणार कसं? त्यांचा हा स्टुडिओ, 'चित्रबन', म्हणजे उघड्यावरचा मांडव होता. खाली सिमेंटची जमीन, भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या. तिथे चित्रित झालेला 'जयमती' 1935 साली प्रदर्शित झाला. हा पहिला असमिया बोलपट. नव्वद वर्षांच्या पावसात बांबूचे तट्टे टिकत नाहीत.

तेजपूर ते गोहपूर, शंभरेक किलोमीटर, रस्ता ठीक. छळ आहे तो शेवटच्या कच्च्या वाटेचा. आदल्या रात्री पाऊस झाला होता. चिखल इतका चिवट की बुटाचा तळ दिसेना. गाडी रुतली, ढकलून काढली, आणि 3,500 ला ठरलेल्या चालकाने 5,000 मागितले. "आतला रस्ता ठरला नव्हता." तेव्हा "बागेच्या आतपर्यंत, परतीसह" हे शब्द निघण्याआधीच बोलून घ्या. बाग चालू आहे, फाटकावर परवानगी लागते. हिवाळ्यात पाचच्या आत अंधार पडतो, म्हणून पहाटेच निघा.

ज्योतिप्रसाद भेटतात ते तेजपुरात. 'पोकी' हे त्यांचं घर, आता संग्रहालय. बाण रंगमंच हे नाट्यगृह तिथून लांब नाही. पण माझ्यासाठी सगळ्यात मोठी जागा अग्निगढ. बाणासुराने आपल्या मुलीला, उषेला, कोंडलं ती हीच टेकडी, अशी तिथली श्रद्धा. खाली ब्रह्मपुत्र पसरलेला. वयाच्या चौदाव्या वर्षी ज्योतिप्रसादांनी आपल्याच गावची ही गोष्ट उचलून 'शोणित कुँवरी' हे नाटक लिहिलं! पायऱ्या चढताना हे आठवलं आणि आदल्या दिवसाचा सगळा राग ओसरला. पुढे 'कारेङर लिगिरी'त त्यांनी राजवाड्यातल्या दासीला नाटकाच्या केंद्रस्थानी आणलं, 'लभिता'त 1942 च्या आंदोलनातली साधी मुलगी. ही दोन नाटकं अनुवादात मिळाली तरी वाचून जा. न वाचता गेलात तर पोकी हे नुसतं जुनं घर वाटेल.



17 जानेवारी हा त्यांचा स्मृतिदिन, आसामभर 'शिल्पी दिवस', म्हणजे कलाकार दिन. जमलं तर तेव्हाच जा, आणि मुक्काम आधी ठरवा. भोलागुरी? हातात एक दिवस मोकळा असेल आणि पाऊस नसेल तरच.