चाळीस साध्या पानांची परीक्षा

टॅरोचा, म्हणजे आज भविष्य बघायला वापरतात त्या सचित्र पत्त्यांचा, जुन्या वळणाचा कॅट विकायला ठेवला की नमुन्याला दाखवली जाणारी पानं ठरलेली असतात: सूर्य, चंद्र, प्रेमिक, फार तर मृत्यू. काठ्यांची सत्ती कुणी दाखवत नाही. कॅट घरी आला की मात्र हातात सारखी सत्ती, अठ्ठी, नव्वीच येते. हिशेबच तसा आहे. ७८ पानांत चित्रांचे हुकूम २२, राजा, राणी, स्वार आणि हुजऱ्या मिळून दरबारी पानं १६, आणि तलवारी, काठ्या, प्याले, नाणी या चार प्रकारांतली एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पानं ४०. अर्ध्याहून अधिक कॅट हा असा, जाहिरातीत न दिसणारा. तेव्हा निवड करायची तर आधी ही चाळीस पानं बघावीत. बावीस हुकूम बहुतेक सगळ्याच कॅटांत देखणे असतात. त्यांच्यावरून काही ठरत नाही.

जुन्या कॅटांत ही पानं साधी, म्हणजे नुसती चिन्हं मांडलेली का, याचं कारण साधंच आहे. टॅरो जन्माला आला तो खेळायला. पंधराव्या शतकात, उत्तर इटलीत. १४४० साली फ्लॉरेन्समध्ये आणि १४४२ साली फेर्राराच्या दरबारी जमाखर्चात या पत्त्यांची नोंद सापडते, आणि तेव्हा त्यांना ट्रिओन्फी म्हणत. हुकूम मारायचा, हात करायचा, गुण मोजायचे. खेळणाऱ्याला तलवारींच्या पंजीत पाच तलवारी दिसल्या की पुरे. तिथे रडणारी बाई किंवा पळणारा चोर काढून करायचं काय? भविष्य सांगण्याची टूम फार उशिरा आली. १७८१ साली कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकाने ही इजिप्तच्या पुरोहितांची गुप्त विद्या आहे असं छापलं (इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कुणालाच वाचता येत नव्हती, ती येऊ लागली १८२२ साली; त्याचं त्याला काही वाटलं नाही), आणि १७८९च्या सुमारास एतेया या टोपणनावाच्या गृहस्थाने खास भविष्यासाठी कॅट छापला. इजिप्शियन वेशातले आजचे कॅट या वंशातले. त्यांनाही इतिहास आहे, पण तो फॅरोंचा नव्हे, अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या पॅरिसचा.

अपवाद एकच, पण मोठा. १४९१च्या सुमाराचा सोला बुस्का नावाचा कॅट. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेला, ७८च्या ७८ पानं शाबूत असलेला, आता मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात. त्यात आकड्यांच्या पानांवरही माणसं आहेत, काम करणारी, ओझी वाहणारी. १९०९ साली लंडनमध्ये पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने रायडर या प्रकाशन कंपनीसाठी कॅट काढला तेव्हा तलवारींच्या तिर्रीत हृदयात तीन तलवारी खुपसल्या, त्या थेट इथून उचललेल्या दिसतात. आज ज्यांनी टॅरो शिकलाय त्यांतले बहुतेक या १९०९च्या चित्रांवर शिकलेले असतात. त्यांनी एकदम मार्सेय वळणाचा, म्हणजे साध्या पानांचा जुना फ्रेंच कॅट घेतला तर पहिल्या आठवड्यात तो कपाटात जाण्याची शक्यता दांडगी. सोला बुस्का त्यांना मधली पायरी म्हणून चालेल असं वाटतं, पण त्याचे हुकूम इतके विचित्र आहेत, रोमन सेनापती आणि प्राचीन राजे भरलेले, की ओळखीचे प्रेमिक, संन्यासी तिथे शोधून सापडत नाहीत. तो अभ्यासाला घ्यावा, रोजच्या वापराला नाही.

आता मार्सेय. ही फ्रान्समधली लाकडी ठोकळ्यावर छापलेल्या पत्त्यांची परंपरा, आणि नाव मार्सेयचं असलं तरी पॅरिस, लिओं, दिजों इथेही हे पत्ते निघत. पॅरिसचा जाँ नोब्ले सतराव्या शतकाच्या मध्यातला, लिओंचा जाँ दोदाल अठराव्याच्या सुरुवातीचा, दिजोंचा प्येर माद्निये १७०९चा आणि मार्सेयचा निकोला काँव्हेर १७६०चा. यांच्यातले वाण दोन. चंद्राच्या पानाकडे बघायचं: चंद्राचं तोंड समोर असेल तर जुना वाण, बाजूने दिसत असेल तर नंतरचा. वेड्याच्या पानावर ‘ल माट’ लिहिलं असेल तरी नंतरचा. नोब्ले आणि दोदाल पहिल्यातले, काँव्हेर दुसऱ्यातला. जुन्या वाणात रेषा राकट, चेहरे ओबडधोबड. नंतरच्यात सगळं जरा नेटकं. पहिलाच ऐतिहासिक कॅट घेणाऱ्याने काँव्हेरच्या वळणाचा घ्यावा. शंका आली की पडताळून बघायला त्याच वळणाची पुस्तकं आणि इतर कॅट सहज मिळतात.

काँव्हेरच्या बाबतीत एक मेख आहे. १७६० हा आकडा लाकडी ठोकळ्यात कोरलेला, नाण्यांच्या दुर्रीवरच्या फितीत. ठोकळा टिकतो, तो पुढे वर्षानुवर्षं वापरला जातो, आणि त्यावरून काढलेल्या प्रत्येक छपाईवर १७६०च उमटतं. त्यामुळे दोन प्रकाशकांच्या ‘काँव्हेर १७६०’ कॅटांत रेघा सारख्या आणि रंग निराळे असं होतं. दोघंही खोटं बोलत नसतात. दोघांनी वेगवेगळ्या काळातल्या छपाईचे फोटो घेतलेले असतात. रेघा ठोकळ्याच्या, पण रंग नंतर छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यातून ब्रशने भरलेले, एका रंगाला एक पुठ्ठा. पुठ्ठा जरा सरकला की लाल रंग ओठ सोडून हनुवटीवर.

आणि इथेच डब्यावरचे शब्द नीट वाचायला हवेत. फॅक्सिमिली म्हणजे जुन्या पानाचा फोटो जसाच्या तसा: सरकलेला रंग, पिवळा कागद, बोटांचे डाग, वाकडी कापलेली कड, सगळं. जीर्णोद्धार म्हणजे डाग पुसून, पुसट रेघ पुन्हा ओढून, रंग मूळचे काय असावेत याचा अंदाज बांधून केलेला. पुनर्रेखाटन म्हणजे जुनं समोर ठेवून नव्याने काढलेला. ‘प्रेरित’ लिहिलं असेल तर बहुतेक वेळा वेशभूषा जुनी आणि बाकी सगळा १९०९चा कॅट. यातलं काहीही वाईट नाही. वाईट हे की प्रकाशक अनेकदा कोणतं ते सांगत नाही. मग पानालाच विचारावं लागतं. रोमन आकडे बघा. मार्सेयच्या जुन्या ठोकळ्यांत चार म्हणजे चार उभ्या रेघा, नऊ म्हणजे पाचाच्या चिन्हापुढे चार रेघा. तिथे शाळेत शिकवतात तसा, पाचातून एक वजा केलेला चार दिसला तर हात नव्याचा आहे. न्याय आठव्या आणि शक्ती अकराव्या जागी हवी. उलट असेल तर १९०९च्या कॅटाची छाया पडली. मृत्यूच्या पानावर मार्सेयमध्ये बहुधा नाव नसतं, नुसता १३. मात्र नोब्लेने नाव छापलंय, म्हणून एवढ्यावरून निवाडा देऊ नये.

जीर्णोद्धाराची खरी कसोटी हरवलेल्या पानांत लागते. नोब्लेच्या एकमेव प्रतीत तलवारींची छक्की ते दश्शी ही पाच पानं नाहीतच. ७३वर हिशेब थांबतो. मिलानच्या राज्यकर्त्या घराण्यासाठी पंधराव्या शतकात हाताने रंगवलेल्या विस्काँती-स्फोर्झा कॅटातली ७४ उरली: ३५ न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात, २६ बेर्गामोच्या काररारा अकादमीत, १३ एका खाजगी घराण्याकडे. सैतान, मनोरा, तलवारींची तिर्री आणि नाण्यांचा स्वार गेले. तेव्हा बाजारातल्या कोणत्याही विस्काँती कॅटातला सैतान आजच्या माणसाने काढलेला आहे. आधी ही चार पानं बघावीत. मूळच्या सहा पानांतही दुसऱ्या चित्रकाराचा हात ओळखू येतो, तेव्हा मिसळ नवी नाही; पण नव्या चित्रकाराचं नाव पुस्तिकेत दिलं नसेल तर प्रकाशकाने बाकी ठिकाणीही काय काय गुपचूप केलं असेल, हा प्रश्न रास्त ठरतो.

विस्काँतीबद्दल आणखी. मूळ पानं सुमारे १७३ मिलिमीटर उंच आणि ८७ रुंद, हुकमांवरच्या आकृत्यांमागे ठोके देऊन नक्षी उमटवलेला सोन्याचा वर्ख. नेहमीचं टॅरोचं पान ७० बाय १२०चं असतं. मूळ मापाचा कॅट पिसता येत नाही. टेबलावर पसरून दोन्ही तळव्यांनी कालवावा लागतो. सोनं तीन तऱ्हांनी येतं. साध्या शाईत छापलेलं सोनं मोहरीच्या रंगाचं दिसतं, आणि खरं सांगायचं तर वापराला तेच बरं. धातूच्या शाईचं जरा चमकतं. चिकटवलेली फॉइल डोळे दिपवते, पण पिसताना कडांवर ती चिरते आणि कपचे निघतात. शिवाय या हुकमांवर ना नाव ना आकडा, आणि आकड्यांच्या पानांवरही आकडा नाही; तलवारी एकेक करून मोजायच्या.

मार्सेयमध्ये निदान मोजणं सोपं केलेलं आहे. तलवारी वाकलेल्या, काठ्या सरळ. तलवारींच्या विषम पानांत मधोमध एक सरळ तलवार, सम पानांत तिच्या जागी फूल. दश्शीत मात्र दोन सरळ. सत्ती म्हणजे तीन आणि तीन कमानी, मध्ये एक. एवढं कळलं की हातभर अंतरावरून सत्ती-अठ्ठी ओळखता येते. प्याले, काठ्या, तलवारी यांच्या कडेला आकडेही असतात. नाण्यांना सहसा नसतात. पुनर्रेखाटन करणाऱ्याने कमानींच्या रेघा जाड केल्या असतील तर मधलं फूल आणि तलवार एकमेकांत मिसळतात, आणि मग ही सगळी सोय वाया जाते. उलट्या पानाचे अर्थ लावणाऱ्यांनी काठ्यांची पानं फिरवून बघावीत. बरीचशी जवळजवळ सारखीच दिसतात, फरक असला तर एखाद्या पाकळीचा. जीर्णोद्धार करताना सफाईच्या नादात कुणी अर्धं पान काढून उरलेलं आरशासारखं उलटवलं असेल तर तो फरकही गेला.

कागदाचं थोडक्यात. पान ०.३ मिलिमीटर जाड असेल तर ७८ पानांची चळत सुमारे साडेतेवीस मिलिमीटर होते, ०.४५ असेल तर पस्तीस. पस्तीसची चळत लहान हाताच्या पकडीत मावत नाही आणि वाकवून पिसताच येत नाही. चकचकीत लेप पानं एकमेकांना चिकटवतो; कापडासारखा पोत उठवलेली पानं सरकतात छान, पण ठोकळ्याच्या बारीक रेघांवर तो पोत जाळीसारखा पसरतो. मॅट लेप बरा. बारीक चौकट असलेल्या पानांत कापणी एक मिलिमीटर हलली तरी डोळ्याला खुपते. चौकट नसेल तर ती चूक लपते, पण चित्राची कड जाते, आणि जुन्या पत्त्यांत बनवणाऱ्याचं नाव कधी कधी अगदी कडेलाच असतं.

‘मान्तेन्याचा टॅरो’ या नावाला भुलू नये. तो मान्तेन्या या इटालियन चित्रकाराचा नाही आणि टॅरोही नाही. ५० कोरीव चित्रांचा संच आहे, त्यात चार प्रकार नाहीत, दरबारी पानं नाहीत. तसंच फ्रान्सचा राजा सहावा शार्ल याच्या नावाचा कॅट. त्याची १७ पानं पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि ती त्या राजाच्या काळातली नसून नंतरची, पंधराव्या शतकातलीच पण इटालियन आहेत. पूर्ण ७८ पानं मिळत असतील तर उरलेली ६१ कुणीतरी नव्याने काढलेली.

राहिली डब्यातली पुस्तिका. मार्सेय कॅटाबरोबर कितीदा तरी १९०९चेच अर्थ छापून दिलेले असतात. तलवारींच्या तिर्रीपुढे लिहिलेलं असतं हृदयभंग, आणि पानावर असतात दोन वाकड्या तलवारी, मध्ये एक सरळ आणि भोवती पानंफुलं. अशी पुस्तिका बाजूला ठेवावी. प्रकार आणि आकडा यांच्यापासून सुरुवात करावी: तलवार म्हणजे काय, तीन म्हणजे काय, सरळ तलवार कमानींच्या आतच आहे की त्यांना छेदून बाहेर निघाली आहे, फूल मिटलेलं की उमललेलं. म्हणून तर खरेदीआधी हुकमांऐवजी या पानांचे मोठे, स्पष्ट फोटो मागावेत. विकणारा ते देत नसेल तर दुसरा कॅट बघावा.