माझा संडे मंगळवारी राहते

मे महिन्यातली दुपार, साडेतीन वगैरे वाजले असतील. कूलरमधे पाणी भरून जिन्यात जरा उभी होते तर खालच्या मजल्यावरचा पोरगा डोळे चोळत दूध आणायला निघालेला. मिहानमधे, म्हणजे विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, नोकरीला आहे, शिफ्ट असते. म्हटलं काय रे, आज सुट्टी? तर म्हणे, "ताई, माझा संडे मंगळवारी राहते." आणि बुधवार? "तो सॅटर्डे." म्हणजे संडे आधी आणि सॅटर्डे नंतर. मी काही बोलले नाही, पण ते डोक्यातून जाईना.

तसं नागपूरकरांना यात नवल वाटायला नको. आपल्याकडे वार म्हणजे दिवस कमी आणि पत्ता जास्त. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. पुण्याचे लोक निदान मागे पेठ तरी लावतात, आपण तेवढेही कष्ट घेत नाही. माझी मुंबईची जाऊ आली होती तेव्हा मी फोनवर कुणालातरी सांगत होते की सोमवारी इतवारीला जाऊ, येताना शुक्रवारीवरून येऊ, आणि मंगळवारी मंगळवारीत भाजी घेऊ. फोन ठेवला तर ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला वाटलं मला ऊन लागलं.

पण हे मराठी वार झाले, ते कुठेही नेऊन ठेवले तरी कळतात. माझं अडतं ते इंग्रजी वारांशी. ट्यूजडे आणि थर्सडे हे दोन शब्द माझ्या डोक्यात अजूनही वेगवेगळे बसलेले नाहीत. कुणी म्हणालं "थर्सडेला भेटू" की मी "हो हो" म्हणते आणि मग आतल्या आत मंडे-सोम, ट्यूजडे-मंगळ करत बोटं मोजते. आमचं इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून इंग्रजी सगळीकडे आलं ते २००० साली, आमची गाडी त्याच्या कितीतरी आधी सुटलेली.

चौथीची परीक्षा झाली की मामाकडे, महाल भागात. जुनं घर, वर गच्ची. संध्याकाळी गच्चीवर बादल्याच्या बादल्या पाणी मारायचं, वाफ निघायची, मग गाद्या घालायच्या, आणि मामा बाजेवर आडवा पडून एका हातानं पेपरचा पंखा करत स्पेलिंग घ्यायचा. पाचवीत पोरगी मागे पडू नये म्हणून. त्याची पद्धत म्हणजे शब्द उच्चारायचाच नाही, फोडायचा. फेब-रु-आरी. सॅ-टर-डे. आणि सगळ्यात लाडका, वेड-नेस-डे. "वेड" वर तो असा जोर द्यायचा की शेजारच्या गच्चीवरची पोरं पण ओरडायची. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, बरोबर आलं की बर्फाचा गोला, काला खट्टा. त्या मधल्या डी-चं करायचं काय हे मी त्याला विचारलं होतं, तो लिहायचा पण बोलायचा नाही असं का. मामा म्हणाला, "सरकारी माणूस आहे तो, हजेरी लावते, काम करत नाही." मामा स्वतः सरकारी नोकरीत, त्यामुळे त्याला तो अधिकार होता.

तो डी वोडेन नावाच्या देवाचा आहे हे मला फार उशिरा कळलं. रोमन लोकांचे वार आपल्यासारखेच ग्रहांवरून, मंगळ बुध गुरु शुक्र, क्रमही तोच. ते उत्तरेकडच्या लोकांनी उचलले आणि आपापले देव त्यात बसवले. मंगळाच्या जागी टीव, बुधाच्या जागी वोडेन, गुरूच्या जागी थॉर, शुक्राच्या जागी फ्रिग नावाची देवी. शनी मात्र इंग्रजीत जसाच्या तसा राहिला. शनीला हात लावायची हिंमत इंग्रजांनीही केली नाही, हे वाचून मला जरा बरंच वाटलं.

मामाच्या तोंडी अजून एक शब्द असायचा, फोर्टनाइटली. "फोर्टनाइटली पाठवायची आहे" म्हटलं की त्या दिवशी त्याच्या वाटेला जायचं नाही, काहीतरी अहवाल असायचा पंधरा दिवसांचा. मला तो शब्द किल्ल्याचा वाटायचा, रात्रीच्या पहाऱ्याचा वगैरे. निघाला चौदा रात्रींचा. आपला पंधरवडा पंधराचा, त्यांचा चौदाचा, ते रात्री मोजतात आणि आपण दिवस, एक कुठेतरी गळतो. गळू दे, इंग्रजांनी एकदा अकरा गाळलेत. १७५२ मधे कॅलेंडर दुरुस्त करायला घेतलं तेव्हा २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर. वार मात्र नीट चालू, काल बुधवार तर आज गुरुवारच, फक्त तारीख उडी मारून पुढे गेलेली. आपल्याकडे पंचांगात एखाद्या तिथीचा क्षय होतो, कालनिर्णय बघून बायका उपास मागेपुढे करतात आणि विषय संपतो. त्यांनी अकरा तारखांचा क्षय एका फटक्यात उरकला.

आता तर महिनासुद्धा दुकानदार ठरवतात. मोबाईलचं रिचार्ज बघा, अठ्ठावीस दिवसांचा महिना. आईला हे मान्यच नाही. दर वेळी म्हणते, आत्ता तर मारला होता. हिशोब केला तर वर्षाला तेरा रिचार्ज होतात. आपल्या पंचांगात अधिक महिना येतो साधारण तीन वर्षांतून एकदा, यांचा दरवर्षी येतो, आणि धोंड्याच्या महिन्यात निदान जावयाला अनारसे तरी मिळतात. इथे आपणच वाण द्यायचं आणि आपणच एसेमेस घ्यायचा, युअर प्लॅन हॅज एक्स्पायर्ड. आई म्हणते हा एक्स्पायर्ड शब्द सकाळी सकाळी नको बाई वाचायला.

अवर्सचं वेगळंच. तास म्हटलं की मला शाळेचा तास आठवतो, नाहीतर सतारीवाल्या बाईंचा क्लास. अवर्स म्हटलं की दवाखाना. मागच्या हिवाळ्यात मामाला ब्रेन स्ट्रोक आला, मेंदूच्या डाव्या बाजूला. रात्रीच अॅडमिट केलं, डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "नेक्स्ट सेव्हंटी टू अवर्स आर क्रिटिकल." आम्ही सगळे शिकलेसवरले लोक मान हलवत उभे, हो डॉक्टर, हो डॉक्टर. मामीनं विचारलं, "म्हणजे कोणत्या वारापर्यंत?" डॉक्टर थांबले. त्यांनी पण मनात मोजलं असावं, कारण जरा वेळ लागला, आणि मग म्हणाले, "शनिवार. शनिवार रात्र." मामी म्हणाली बरं, आणि बाकड्यावर जाऊन बसली. त्यानंतर जो भेटायला येईल त्याला ती तेवढंच सांगायची, शनिवार होऊ द्या. आम्ही तिकडे सेव्हंटी टू, फॉर्टी एट, ट्वेंटी फोर करत बसलेलो, कुणीतरी मोबाईलवर टायमर पण लावला होता. मी लावला नव्हता पण बघत होते.

शनिवार गेला. मामा वाचला, उजवा हात आणि वाचा सोडून. आता हात थोडा हलतो. स्पीच थेरपीच्या मॅडम घरी येतात, त्या म्हणतात पाठ केलेलं आधी परत येतं, म्हणून आकडे आणि वार म्हणवून घेतात. सोमवार, मंगळवार, बुधवार. मामा ओठ हलवतो, घाम येतो त्याला, सो च्या पुढे जात नाही, मग चिडून मान फिरवतो. मामी तिथेच बसून तोंडातल्या तोंडात म्हणत असते, जणू तिलाच परीक्षा द्यायची आहे.

परवा मी गेले तेव्हा मॅडम येऊन गेल्या होत्या. मी सहज शेजारी बसले, उन्हाळ्याचं काहीबाही बोलत होते, कूलरचं, पाण्याचं. मामानं डावा हात वर केला, थांब म्हणून, आणि तुकड्या-तुकड्यानं, "वेड" वर तोच जुना जोर देऊन, म्हणाला, "वेड. नेस. डे."

मामी स्वयंपाकघरातून धावत आली. सोमवार होता त्या दिवशी, पण कोण दुरुस्त करते.